आजीला ‘तू बस गं’ म्हणू नका

आज माझ्या आजीची गोष्ट.

गेल्या वर्षी ती मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून घरात एकच वाक्य, “आजी, तू बस, मी आणतो.” पाणी हातात, ताट हातात. सहा महिन्यांत तिला खुर्चीतून उठायला माझा हात लागायला लागला. आम्ही म्हणालो, वय झालं. खरं तर पायांना कामच उरलं नव्हतं.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत!

जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, पासष्टीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम हवा.

फिजिओथेरपिस्टनी आजीला सोपं काम दिलं. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात न टेकता उठायचं, बसायचं. आधी दोनदाच जमलं. आता दहादा होतं, आणि मोजताना मी चुकलो तर ओरडते.

काल तिने स्वतः चहा करून आणला. “तू बस” अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि कप घेतला.