लोंबत्या साखळीचे गणित

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ नाचियार्कोविल् हे गाव आहे. तेथील ओताऱ्यांच्या पितळी समयांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. याच गावच्या विष्णुमंदिरात पाषाणाचा गरुड आहे. उत्सवात तो गाभाऱ्यातून निघतो तेव्हा चार वाहक पुरतात. पुढे आठ, सोळा, बत्तीस असे वाढत्या संख्येने लागतात, कारण मूर्तीचे वजन पावलोपावली वाढते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

श्रद्धेची गोष्ट निराळी; पण देवघरातील लामणदिव्याच्या साखळीत भार खरोखरच कडीकडीने वाढत जातो. सर्वांत खालची कडी केवळ दिवा तोलते. वरची कडी दिव्यासह साऱ्या कड्यांचे वजन पेलते.

हीच साखळी दिवा काढून दोन खुंट्यांवर टांगली, तर तिला झोळ पडतो. या झोळाचा आकार कोणता? तो जवळजवळ अन्वस्त असतो, असे गॅलिलिओने १६३८ साली लिहिले. अचूक उत्तर लाइब्निट्स, हायगेन्स आणि योहान बेर्नुली यांनी १६९१ साली दिले. साखळीतील आडवा ताण सर्वत्र सारखाच असतो; उभा ताण मात्र तळाच्या बिंदूपासून वर जाताना, मध्ये येणाऱ्या कड्यांच्या वजनाइतका वाढतो. त्यामुळे चढ क्रमाने तीव्र होतो आणि अन्वस्ताहून वेगळा वक्र उमटतो. साखळीच्या लॅटिन नावावरून त्याला ‘कॅटेनरी’ म्हणतात.

मग साखळी जोराने ओढून अगदी सरळ करता येईल काय? नाही. सरळ आडव्या साखळीत वजन पेलणारा उभा ताण उरतच नाही. मीटरला एक किलो वजनाची तार शंभर मीटर अंतरावरील दोन खांबांवर समपातळीत बांधली आणि मध्यभागी पाच मीटर झोळ ठेवला, तर आडवा ताण सुमारे २५० किलोभार होतो. झोळ एक मीटरवर आणला की तोच १,२५० होतो. झोळ शून्याकडे न्यावा, तर ताण अमर्याद वाढतो.

विजेच्या तारा ओढणारा कामगार हे जाणून असतो. उन्हाळ्यात तार फार ताणून बसवली, तर थंडीत ती आकसते आणि तुटण्याचा धोका उद्भवतो. फार सैल सोडली, तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून खांबांमधला तो झोळ म्हणजे आळशी हाताची खूण नव्हे; मोजूनमापून ठेवलेली ती सुरक्षितता आहे.