अहवाल येईपर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला 'धम्म आणि आरोग्य' हा विषय दिला होता. टिपणेही काढली होती, पण ते कागद घरीच ठेवून आलो. गेल्या पाच महिन्यांत आमचे वजन 68 किलोवरून 59 वर आले. जेवण तेच, चालणे-फिरणे तेच. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोके पाडली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी वाटेत विचारले, "दादा, वाळलात की हो!" आम्ही हसून सांगायचो, साखर बंद केलीय. ते खोटे होते. चौथे शील आमच्याकडून मोडले. म्हणून आज जे आहे ते सांगतो.

रक्त, साखर, थायरॉइड, थुंकी, छातीचा एक्स-रे, सगळे झाले. कशातच काही निघाले नाही. मग सोनोग्राफीत पोटात गाठी दिसल्या. सुईने त्यातला तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, क्षय असू शकतो, दुसरेही काही असू शकते, अहवाल आल्याशिवाय बोलणार नाही. अहवाल येत्या गुरुवारी आहे. म्हणजे आम्ही अजून वाटच बघतोय.

इतके दिवस का लागतात, हे आम्ही तिथल्या प्रयोगशाळेतल्या पोराला विचारले. त्याने नीट समजावले. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून अगदी पातळ काप काढतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शंका आली तर वेगळे रंग देऊन पुन्हा बघतात. क्षयाचे जंतू शोधायची दोन तासांची तपासणीही आहे, पण जंतू वाढवून बघायचे तर सहा-सहा आठवडे जातात, कारण ते वाढतातच सावकाश. उशीर झाला म्हणजे बातमी वाईट, असे काही नसते. एवढे कळल्यावर निम्मा जीव भांड्यात पडला. दिवसा. रात्रीचे काय?

रात्री तीन वाजता माणूस मोबाईलवर काय काय वाचत बसतो, विचारू नका. घरात कुणाला सांगितले नव्हते. त्यातच एक नातेवाईक बाई आल्या. "बाहेरचं असेल, दाखवून या," म्हणाल्या आणि उतरवलेले लिंबू देऊन गेल्या. आम्ही इथे उभे राहून बावीस प्रतिज्ञांवर भाषणे ठोकलेली माणसे. पण ते लिंबू त्या रात्री फेकले नाही. उशाखाली ठेवले. भीती माणसाला कुठे नेते बघा! सकाळी पत्नीने उशी उचलली आणि लिंबू तिच्या हाती लागले. मग सगळेच सांगावे लागले.

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता यांची हकिगत आहे. भग्गांच्या देशात सुंसुमारगिरी येथे राहणारे हे जोडपे. नकुलपिता अतिशय आजारी पडला. आजारापेक्षा काळजी मोठी होती. बायकोने ते ओळखले. सगळे ठीक होईल, अशी पोकळ समजूत तिने घातली नाही. त्याच्या मनातल्या काळज्या तिने एकेक करून बाहेर काढल्या. मुलांना कोण पोसेल? तर मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. अशा सहा काळज्या, सहा उत्तरे. तो बरा झाला आणि काठी टेकत भगवंतांच्या भेटीला गेला, असे सुत्त सांगते. ते ऐकून प्रत्येक आजारी माणूस बरा होईल, असे आम्ही म्हणत नाही. पण कापूस कातायचे नाव निघाले की आम्हा गिरणीवाल्यांचे कान टवकारतातच.

आमच्याकडेही तसेच झाले. पत्नीने कॅलेंडरचे जुने पान उलटे घेतले. म्हणाली, "सांगा, एकेक." मुलीची फी. पतपेढीचे हप्ते. म्हाडाच्या गिरणी कामगार घराचा अर्ज. तर वारसालाही हक्क आहे, कागद एका पिशवीत ठेवू. तिचे शिवणकाम चालू आहेच. सातव्या ओळीला आम्ही थांबलो. रात्री वाटायचे शंभर आहेत, निघाल्या सातच. एकीला उत्तर नाही. ती तशीच राहिली पानावर.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, झोप लागत नसे. ते डॉक्टरांकडे गेले, आणि त्याच आजारपणात राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी 1948 मध्ये सादर झाला. आम्ही कुठे आणि ते कुठे!

आता तुमच्याबद्दल. सहा महिने-वर्षात, न ठरवता, वजनाचा विसावा हिस्सा कमी झाला तर दवाखाना गाठा. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. गिरणीत कापसाच्या धुळीने छाती भरायची, सुटीनंतर पाळीवर चढले की जास्तच. त्या धुळीच्या नावाखाली आमच्या किती सोबत्यांनी क्षयाचा खोकला अंगावर काढला. क्षय लपवण्यासारखा नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, बहुतेकांना सहा महिन्यांचा कोर्स पुरतो. नोव्हेंबर 2024 पासून खुराकासाठी महिना 1000 रुपयेही मिळतात.

आणि वाळलेल्या माणसाला रस्त्यात थांबवून "किती उतरलात" म्हणू नका. घरी या, चहा प्या, दवाखान्यात सोबत येतो म्हणा.

गुरुवारी सकाळी सातला आम्ही सीवूड्स स्टेशनवर असू. कुर्ल्याला गाडी बदलून परळ. पत्नी बरोबर आहे. आणखी एकजण आला तर रांगेत बसायला बरे. जयभीम!