प्रोटॉनच्या रेषांवरून रेणूची ओळख

(वसई येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



दोन कार्बन, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन अशा नऊ अणूंची एका रीतीने मांडणी झाली म्हणजे एथिल अल्कोहॉल तयार होते. आपल्या भागातील ताडांवरून उतरविलेली नीरा आंबू लागली की तिच्यात उत्पन्न होणारे मादक द्रव्य ते हेच. याच नऊ अणूंपैकी ऑक्सिजन मधोमध ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कार्बन जोडला, तर डायमिथिल ईथर मिळते. पहिला पदार्थ ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव. दुसरा आपल्या हवामानात वायुरूपच राहणारा. दोहोंचे रासायनिक सूत्र मात्र अक्षरशः एकच. अशा पदार्थांना समघटक म्हणतात.

तात्पर्य, अणूंची नुसती मोजदाद करून पदार्थ ओळखता येत नाही. कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, हे कळावे लागते. पूर्वी रसायनशास्त्रज्ञ त्यासाठी रेणूचे तुकडे करीत, ते तुकडे ओळखीत आणि त्यांवरून मूळ रचनेचा तर्क बांधीत. या खटाटोपात कित्येकदा वर्षे जात, आणि नमुना खर्ची पडे तो वेगळाच. आज हेच काम बहुधा अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एन.एम.आर., या पद्धतीने काही मिनिटांत सुरू होते आणि नमुनाही शाबूत राहतो.

या पद्धतीच्या आरंभकाळात एका भारतीयाचे नाव येते. फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांना या शोधाबद्दल १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे पाठ्यपुस्तकांत असते. परंतु १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी एथिल अल्कोहॉलचा जो वर्णपट प्रसिद्ध केला, त्यानेच हे साधन पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आले. त्या वर्णपटात एक नव्हे, तर तीन निरनिराळी शिखरे होती आणि त्यांची क्षेत्रफळे ३, २ व १ या प्रमाणात होती. एस. एस. धर्मट्टी पुढे डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व मुंबईत या शास्त्राचा पाया त्यांनी घातला. आपल्या विद्यार्थ्यांना हे नाव क्वचितच ठाऊक असते, याची खंत वाटते.

आता त्या तीन शिखरांचा अर्थ पाहू. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर रेडिओलहरी सोडल्या, तर एका ठरावीक कंप्रतेला तो प्रतिसाद देतो. मात्र त्याच्याभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरचे क्षेत्र काहीसे अडवितात. शेजारी ऑक्सिजन असेल तर तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, प्रोटॉन उघडा पडतो आणि त्याची रेषा कागदावर डावीकडे सरकते. म्हणून रेषेच्या स्थानावरून प्रोटॉनचा शेजार कळतो आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून तशा प्रोटॉनांची संख्या कळते. डायमिथिल ईथरमधील सहाही प्रोटॉनांचा शेजार सारखाच, त्यामुळे तेथे एकच रेषा उमटते. दोन समघटकांतील वाद येथेच मिटतो.

तिसरी खूण सर्वांत बोलकी आहे. शेजारच्या कार्बनवरील प्रोटॉन आपला सूक्ष्म प्रभाव टाकून रेषेचे विभाजन करतात. साध्या रेणूंत असे जितके शेजारी, त्यांहून एक अधिक इतक्या रेषा दिसतात.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. आगाशीची सुकेळी आपण सारे जाणतो. पिकलेल्या केळ्याच्या वासात एक प्रमुख द्रव्य असते, त्याचे नाव आयसोअमिल ॲसिटेट. त्यात सात कार्बन, चौदा हायड्रोजन व दोन ऑक्सिजन असतात. या सूत्राचे समघटक पुष्कळ आहेत. अनोळखी नमुना म्हणून याचा वर्णपट हाती आला, तर कसा वाचावा? दोन या अंकाच्या आसपास तीन प्रोटॉनांची एकच अखंड रेषा आहे. म्हणजे ज्याला प्रोटॉनवाला शेजारी नाही असा, कार्बोनिल गटाला जोडलेला मिथिल गट. चारच्या आसपास दोन प्रोटॉन, तीन रेषांत विभागलेले. ते ऑक्सिजनला लागून आहेत आणि त्यांच्या पलीकडे आणखी दोन प्रोटॉन आहेत. दीडच्या जवळ त्या पलीकडच्या दोघांची व आणखी एकट्या प्रोटॉनची दाटी आहे. राहिले उजव्या टोकाचे सहा प्रोटॉन, आणि ते अवघ्या दोन रेषांत! कार्बनांची साखळी सरळ असती, तर टोकाला तीनच प्रोटॉन असते व त्यांच्या रेषा तीन झाल्या असत्या. सहा प्रोटॉन आणि दोन रेषा याचा अर्थ असा की, एकाच प्रोटॉनच्या शेजारी दोन मिथिल गट आहेत, म्हणजे साखळीला शेवटी फाटा फुटला आहे. तीन, दोन, दोन, एक आणि सहा मिळून चौदा, हिशेब जुळला. मी कला शाखेचा पदवीधर. मला हे श्लोकाचा अन्वय लावण्यासारखे वाटते. एखादे पद शिल्लक राहिले, तर अन्वय चुकला असे समजावे.

शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे. त्याला यंत्र लागत नाही.

पंचायत सदस्यांना यात काय स्वारस्य, असे कोणी विचारील. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. ते विष मिथिल अल्कोहॉलचे होते. एथिल अल्कोहॉलपेक्षा त्यात एकच कार्बन कमी. रंग नाही, आणि चवीवरून वा वासावरून पिणाऱ्याला फरक उमगत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते व ते दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. वर्णपटात मात्र दोघांची गल्लत होत नाही. एथिल अल्कोहॉलच्या मिथिल गटाच्या तीन रेषा १.२ च्या आसपास येतात; मिथिल अल्कोहॉलची एकेरी रेषा ३.३ च्या जवळ वेगळी उभी असते. दोहोंचे मिश्रण असले, तर क्षेत्रफळांच्या तुलनेने त्यांचे प्रमाणही काढता येते. दैनंदिन तपासणीत न्यायसहायक प्रयोगशाळा बहुधा गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात, कारण ती स्वस्त पडते आणि अत्यल्प अंशही पकडते. पद्धत कोणतीही असो, नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचावा लागतो. गावात दारू प्यायल्यानंतर कोणाला अंधुक दिसू लागले, उलट्या होऊ लागल्या, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे, उरलेली बाटली फेकून न देता पोलिसांच्या स्वाधीन करावी, आणि त्याच्याबरोबर आणखी कोण प्यायला बसले होते त्यांचा त्याच रात्री शोध घ्यावा.