तलावात कोणतं बीज सोडायचं, हे कोण ठरवणार?

(तळेगाव ढमढेरे येथील बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत आपण गायरानाच्या नोटिसांवर बोललो. आज तलावावर बोलायचे आहे. काहीजण म्हणाले, संघटना जमिनीची, मग मासळीचं मधेच काय काढलंत? पण आपल्यातल्या ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांच्या हातात जो थोडा पैसा येतो तो वेळ नदीतून, घोडच्या पाण्यातून नाहीतर पाझर तलावातून येतो. म्हणून आम्हाला हा जमिनीचाच प्रश्न वाटतो.

तीन वर्षांमागं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्याकडे तलावाचा ठेका होता त्याने "नवीन जातीचं बीज" म्हणून टेम्पो आणला. पिशव्या उतरवायला आपलीच पोरं होती, आम्हीसुद्धा होतो. यात कोणता मासा आहे, हे एकानेही विचारलं नाही. पहिल्या वर्षी जाळं भरून आलं, आपण खूश. ती चिलापी होती. दुसऱ्या वर्षी जाळं आणखी जड, पण मासा तळहाताएवढासुद्धा नाही. व्यापारी म्हणाला, हा बारीक माल नको, देता तर निम्म्या भावात द्या. आणि मरळ, वाम, शिंगटा? आपल्या आया टोपलीत आणायच्या ते मासे आता कुणाच्या जाळ्यात दिसतात का ते सांगा.

यात जादू काही नाही. चिलापी मूळ आफ्रिकेची, आपल्या देशात 1952 साली आणली. ती साचलेल्या पाण्यातच वर्षातून कितीतरी वेळा वीण करते. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळं पिल्लं फार जगतात. गर्दी झाली की खाणं पुरत नाही आणि सगळीच खुरटी राहतात. एकदा सोडली की काढता येत नाही. गाजरगवत तसंच आलं ना? 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आज बांधाबांधावर आहे. तलाव आटेल तेव्हा चिलापी संपेल असं कुणाला वाटत असेल तर सांडव्याचं पाणी कुठं जातं ते बघा. आपली वेळ भीमेला मिळते, घोडही भीमेलाच, आणि भीमा खाली उजनीत. उजनीच्या बाजारात आज चिलापीचेच ढीग दिसतात.

पण नवा मासा म्हणजे वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. रोहू, कटला, मृगळ आपण गावठी समजतो, तेही मूळचे गंगेकडचे, माणसाने इकडे आणलेले. फरक असा की हे मासे साचलेल्या तलावात वीण करत नाहीत, त्यांना पावसाळ्यात वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. खर्च आहे, बीजवाल्यावर अवलंबून राहणं आहे, हे खरंच. पण चूक झाली तर पुढच्या वर्षी थांबता येतं. सायप्रिनसचं तसं नाही, तो तलावातच वाढतो आणि खाणं शोधताना बांधाची माती उकरतो.

आणि मांगूर. थाई मांगूर म्हणतात, पण आहे आफ्रिकेचा. तो मांसखाऊ, दुसऱ्या माशांची पिल्लं फस्त करतो, हवेतला श्वास घेऊन ओल्या जमिनीवरून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो. सरकारने 2000 सालीच त्याच्यावर बंदी घातली. तरी दौंड-इंदापूरकडं तळी खोदून वाढवला, कारण कोंबडीच्या घाणीवरही पोसतो, वजन लवकर येतं. कुणी "लवकर वाढणारं बीज" म्हणून दारात आलं तर आधी मिशा बघा. आपल्याकडचा गावठी मांगूर वेगळा, पण लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून जाणत्याला दाखवल्याशिवाय पिशवी सोडू नका.

आता वरच्या अंगाला बघू. घोड नदीवर आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण आहे. तिथल्या महादेव कोळी आणि कातकरी लोकांची जमीन पाण्याखाली गेली. त्यांनी पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसायला मागितली, आणि पाण्यातल्या मासळीवरही हक्क मागितला. 2006 साली त्यांची मच्छीमार सोसायटी झाली. शाश्वत संस्था त्यांच्या पाठीशी होती, तिला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचं बक्षीस मिळालं. बक्षिसाचं राहू द्या. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे की धरणात बीज वाढवायचं काम सोसायटीनं हातात घेतलं. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेची मदत घेऊन पिंजऱ्यात वाढवलं. बारीक बीज थेट सोडलं तर मोठे मासे खाऊन टाकतात, म्हणून बोटुकलीएवढं करून मगच सोडायचं. जो जाळं टाकतो त्यानेच बीज निवडलं, तर तो पाच वर्षांनंतरच्या तलावाचा विचार करतो. ठेकेदार ठेका संपेपर्यंतचाच करतो.

आंबेगावचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, आपला शिरूर-दौंड नाही. त्यामुळे पेसा कायदा आपल्याला लागू नाही, हे कुणी भाषणात काही सांगितलं तरी लक्षात ठेवा. 2006 च्या वनहक्क कायद्यात मासळीवरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे, पण तो वनजमिनीपुरता. म्हणून आपल्याला सोसायटीचा रस्ता आणि ग्रामसभेचा ठराव, हेच आहेत.

ठरावाचा मजकूर आम्ही लिहून आणला आहे, वाचून दाखवू. बीज येईल त्या दिवशी जातीचं नाव आणि कुठून आणलं ते ग्रामसभेत सांगायचं, पिशवी उघडून दाखवायची. चिलापी आणि मांगूर नको. तलावाचा एक कोपरा जाळी लावून राखायचा, तिथं मरळ राहू द्यायचा. बायकांना काठावर गळ टाकायला बंदी करायची नाही. यात काही कमी-जास्त असेल तर आत्ता बोला, मागून नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे घ्यायला शाई आणली आहे. ग्रामसभेला किमान प्रत्येक घरातून एकजण, आणि बायका मागच्या रांगेत नाही तर पुढे बसतील.