यादीत नाव चुकून लागलं का?

पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात भाजीच्या गाड्या रिकाम्या होत असतात, आणि गुलटेकडीच्या आसपासच्या वस्त्यांतून हमाल-तोलणारांच्या घरातली मुलं आता एम.ए., एम.एस्सी.च्या वर्गांना निघतात. पहिल्याच चर्चासत्रात शेजारची मुलगी फडाफडा इंग्रजी बोलते. मग मनात येतं, प्रवेशयादीत आपलं नाव चुकून तर लागलं नाही ना?

पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या शंकेला ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’ असं नाव दिलं. त्यांचा निबंध होता कर्तबगार स्त्रियांवर. पदव्या हातात असूनही ‘आपलं पितळ एक दिवस उघडं पडणार’ असं या स्त्रियांना वाटे. म्हणजे ही शंका कुवत मोजत नाहीच. हा आजारही नव्हे. पदवीपर्यंत बहुधा तयार उत्तरांवर भागतं. पुढे प्रश्नच आपण शोधायचा असतो, तेव्हा गडबडायला होणारच. त्यात घरातली शिकणारी पहिली पिढी असेल, तर विचारायचं तरी कोणाला?

‘आत्मविश्वास बाळगा’ हा सल्ला मला फुकाचा वाटतो. त्यापेक्षा न कळलेलं वहीच्या मागच्या पानावर टिपा आणि त्याच आठवड्यात सरांना-मॅडमना विचारा. वरच्या वर्गातल्यांना गाठा. झोप-जेवण उडालं, तर मात्र वाट पाहू नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तासांत कधीही फोन करा, तिथं मराठीतही बोलता येतं.