आधी कर्तव्य



आपले पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद मुंबईला परके नव्हते. १९३४ च्या ऑक्टोबरात इथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पण मला सांगायची आहे ती एका रात्रीची गोष्ट.

२५ जानेवारी १९५० च्या रात्री त्यांच्या थोरल्या भगिनी भगवतीदेवी वारल्या. वैधव्य आल्यापासून त्या माहेरीच राहिलेल्या. उजाडताच प्रजासत्ताकाचा पहिला दिवस! राजेंद्रबाबूंनी दुःख गिळून शपथ घेतली, सैन्याची सलामी घेतली, आणि मगच ते बहिणीच्या अंत्यसंस्काराला गेले.

मन भरून आले असतानाही घरचे कार्य निभावून नेणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे निराळे समजावून सांगायला नको. पुढारीपण म्हणजे हेच. मंडळाची धुरा वाहतानाही त्याची आठवण असू द्या, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.