खर्च वाढला म्हणजे गरिबी घटली का?



सिंदी (रेल्वे) हे नागपूर-वर्धा लोहमार्गावरचे, वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले गाव. इथे नगरपरिषद आहे, म्हणून सरकारदरबारी ते शहर. भोवतालची कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारी गावे मात्र ग्रामीण. हा भेद थेट रेशनकार्डापर्यंत पोचतो. अन्न सुरक्षा कायदा लागू करताना महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात 59,000 रुपये आणि खेड्यात 44,000 रुपये ठरवली. एकाच वावरात कापूस वेचणाऱ्या दोन बायांपैकी एक शिवेच्या अलीकडे राहते आणि दुसरी पलीकडे, म्हणून त्यांची गरिबी दोन मापांनी मोजली जाते. आता या मापाची उंची पाहा. पाच माणसांच्या घरात 59,000 म्हणजे माणशी महिना हजार रुपयेही होत नाहीत. 2022-23 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागातला सरासरी खर्च माणशी महिना 6,657 रुपये भरला होता. मर्यादा इतकी खाली ठेवली की तिच्यावर असलेले सगळे सुखी आहेत असे कागदावर दिसू लागते. पण मर्यादा वर सरकवली की काम भागले, असे मला वाटत नाही. अडचण गरिबी मोजण्याच्या रीतीतच आहे: रेशनकार्ड उत्पन्न विचारते, तर दारिद्र्यरेषा खर्च विचारते.

खर्चाची ही रीत घडवण्यात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच एका माणसाला जगायला वर्षाला किमान किती लागते याचा हिशेब मांडला. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये रोजचे 2,250 उष्मांक मिळवून देणारा खर्च काढला: 1960-61 च्या भावाने खेड्यात वर्षाला 180 रुपये आणि शहरात 270 रुपये. त्या हिशेबाने खेड्यांतली सुमारे 40 टक्के आणि शहरांतली सुमारे 50 टक्के माणसे पोटभर अन्नाला मुकलेली होती. देशाची झोप उडवणारे ते काम होते आणि त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. पुढे 2009 मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांशी बांधलेली गाठ सोडली आणि शिक्षण, औषधपाणी यांवरचा खर्चही रेषेत धरला. उत्पन्नाऐवजी खर्च मोजायचा, हे मात्र दांडेकर-रथांपासून रंगराजन समितीपर्यंत सर्वांनीच धरून ठेवले. त्यामागचे कारणही पटण्यासारखे आहे. कास्तकाराचे उत्पन्न एका हंगामात येते, दुसऱ्यात बुडते, आणि त्याचा आकडा त्यालाही नीट सांगता येत नाही. चूल मात्र रोज पेटते. म्हणून खर्च विचारावा, तो जास्त स्थिर असतो.

पण खर्च स्थिर राहतो तो कशाच्या बळावर? कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात त्याचे उत्तर बहुतेक वेळा कर्ज हेच असते. समजा, बोंडअळीने पऱ्हाटी गेली आणि त्याच वर्षी घरातल्या म्हाताऱ्याचे ऑपरेशन करावे लागले. सावकाराकडून पैसे आणून दवाखान्यात भरले, किराणा उधारीवर आणला. पाहणीच्या तक्त्यात या घराचा खर्च वाढलेला दिसेल आणि घर रेषेच्या वर जाईल. ज्या वर्षी ते खचले, नेमके त्याच वर्षी आपल्या मोजणीने त्याला गरिबीतून बाहेर काढलेले असेल. चूक उलट दिशेची आहे, म्हणून ती मला गंभीर वाटते. एखादा गरीब मोजणीतून निसटला, तर ती उणीव म्हणता येईल. इथे संकटच समृद्धी म्हणून नोंदवले जाते.

मापाला संकट दिसत नाही, याचा पुरावा सरकारच्याच निर्णयांत आहे. 2006 मध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज दिले, त्यात वर्धा होता. 2015 मध्ये राज्याने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य देण्याचे ठरवले. नागपूर विभागातून त्यात एकट्या वर्ध्याचा समावेश झाला. केशरी कार्डाचा आणि प्राधान्य यादीबाहेरचा, म्हणजे रेशनकार्डाच्या उत्पन्नाच्या मापाप्रमाणे गरीब नसलेला माणूस. तरीही त्याला धान्य द्यावे लागले. मापाला न दिसलेली गरिबी आत्महत्यांच्या नोंदींतून दिसली, एवढाच त्याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल, आता बहुआयामी गरिबी निर्देशांक आला आहे, तो पैशांपलीकडचे पाहतो. खरे आहे. नीती आयोगाच्या त्या निर्देशांकात पोषण, शाळा, शौचालय, पाणी, वीज, घर, बँक खाते अशा 12 गोष्टी आहेत आणि 2019-21 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात 7.81 टक्के लोक त्याप्रमाणे गरीब ठरतात. ही सुधारणा खोटी नाही. घरात नळ आणि वीज येणे ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या बारांत कर्ज नाही. बँक खाते असल्याचे गुण मिळतात, खात्यावर थकलेल्या पीककर्जाचे वजा होत नाहीत. दुसरा आक्षेप असा की कर्जाची पाहणी वेगळी होतेच. होते, 2019 च्या पाहणीत देशातली निम्मी शेतकरी कुटुंबे कर्जात आणि सरासरी कर्ज 74,121 रुपये आढळले. पण ती कुटुंबे वेगळी, खर्चाच्या पाहणीतली वेगळी. दोन्ही प्रश्न एकाच घराला विचारल्याशिवाय कुणाचा खर्च कमाईतला आणि कुणाचा उसना, हे कळणार नाही. राहिला सोपेपणाचा मुद्दा: देशभर तुलना करायला एक आकडा हवा. तो जरूर असावा. त्याच तक्त्यात उसनवारीचा एक रकाना वाढवल्याने तो बिघडत नाही.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. पाहणीचा माणूस सिंदीत किंवा आसपासच्या गावात दारी आला, तर खर्च सांगताना त्यातला किती पैसा कर्जाचा आणि तो कोणत्या कारणासाठी काढला, हेही त्याला सांगा. तक्त्यात जागा नसेल, तर शेऱ्यात लिहून घ्यायला सांगा.